हिवाळ्यातलं खारं पाणी आणि फ्लायची निवड (टेक्सास किनारा, पण बाकीच्यांनीही लिहा)

खारफुटी | ११ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी ह्यूस्टनला राहतो, मूळ गाव दापोली तालुक्यात. लहानपणी आजोबांबरोबर खाडीवर गरवायला जायचो, कोळंबी लावून, बांबूच्या दांडीने. इथे आल्यावर फ्लाय रॉड हातात घेतला आणि हा माझा तिसरा हिवाळा. एप्रिल ते नोव्हेंबर मासे मिळतात. डिसेंबर लागला की मिळत नाहीत, आणि हे सलग तिसऱ्या वर्षी होतंय म्हणून धागा काढतोय.

मी जातो ते रॉकपोर्ट आणि अरान्सस पासच्या बाजूला, रेडफिश बेमध्ये. घरापासून तीन तास. गुडघाभर पाणी, खाली समुद्री गवत, मध्ये मध्ये कालवांचे खडक आणि काठाला खारफुटी. ती ब्लॅक मँग्रोव्ह म्हणजे आपल्या तिवराच्याच वंशातली, फक्त जात वेगळी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा पाण्यात उभा राहून बराच वेळ तिच्याकडेच बघत होतो. हे सदस्यनामही तिथूनच आलं.

गेल्या पाच आठवड्यांत तीनदा गेलो. पाणी ५२ ते ५५ फॅरनहाइट, म्हणजे ११ ते १३ सेल्सियस. उन्हाळ्यात गढूळ असतं ते आता काचेसारखं. मासे दिसत होते! रेडफिश अगदी ओंडक्यासारखे पडलेले, शेपटीजवळचा काळा ठिपकासुद्धा मोजता येईल इतके जवळ. मी टाकलेल्या फ्लाय अशा:

पहिल्या खेपेला क्लाउझर मिनो (लहान माशाची नक्कल), शार्ट्रूझ म्हणजे पोपटी-पांढरा, मध्यम डंबेल डोळे, म्हणजे डोळ्यांच्या जागी धातूचं वजन. चार माशांवर टाकला, चारही पळाले. दुसऱ्या खेपेला तोच, फक्त लहान. दोन पळाले, बाकीच्यांनी पाहिलंच नाही. तिसऱ्या खेपेला दुकानातल्या माणसाने सुचवलेली तांबूस स्पून फ्लाय, चमच्यासारखी चमकणारी. एक मासा तिच्यामागे हातभर आला आणि वळून गेला.

रॉड ८ नंबरचा, तरंगती लाइन, ९ फुटी लीडर (लाइन आणि फ्लाय यांमधला बारीक पारदर्शक धागा). माझा प्रश्न सरळ आहे: रंग चुकतोय का? हिवाळ्यात कोणत्या रंगाची फ्लाय?

सुरमई_प्रेमी | ११ जानेवारी, रात्री १०:५०

वाचतोय. रेडफिश म्हणजे आपल्याकडचा तांबोशी का?

कॉर्पसकर | १२ जानेवारी, सकाळी ६:३५

तांबोशी नाही. रेडफिश हा घोळ आणि ढोम्याच्या कुळातला. इंग्रजीत त्याला रेड ड्रम म्हणतात, कारण या कुळातले मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून ढोलासारखा आवाज काढतात. इथे ज्याला 'स्पेकल्ड ट्राउट' म्हणतात तोही याच घरातला. ट्राउटशी त्याचं काही नातं नाही. नाव फसवं आहे. ओठ, कल्ले आणि कानातले दगड पाहिलेत तर घोळच आठवेल.

खारफुटी, तुम्ही फ्लायचे रंग सांगितलेत, आकार सांगितलात. ती एक फूट खोल जायला किती वेळ घेते ते सांगितलं नाहीत. माझ्या मते उत्तर तिथे आहे. मी कॉर्पस ख्रिस्टीला एकोणीस वर्षं आहे आणि पहिले चार हिवाळे मीही रंगच बदलत बसलो होतो. आता कामावर निघालोय, रात्री सविस्तर लिहितो. तोवर एक काम करा: बादली भरा, तुमच्या पेटीतल्या सगळ्या हिवाळी फ्लाय एकेक करून पाण्यावर सोडा आणि तळाला जाईपर्यंत मोजा. आकडे इथे टाका.

नवखी | १२ जानेवारी, सकाळी ९:०४

मध्येच विचारते, माफ करा. फ्लाय म्हणजे माशी ना? मासे खाऱ्या पाण्यात माशा खातात?

खारफुटी | १२ जानेवारी, दुपारी १२:२०

नवखी, नाव नदीवरून आलंय. नदीतले ट्राउट खरंच पाण्यावरच्या किड्या-माश्या खातात, त्यांच्यासाठी पिसं आणि दोरा गळावर बांधून खोटी माशी करायची, ही मूळ पद्धत. समुद्रात तीच कला, पण नक्कल लहान माशाची, कोळंबीची किंवा कुर्लीची. फ्लाय इतकी हलकी असते की ती स्वतःच्या वजनाने लांब जात नाही. म्हणून जाड, वजनदार लाइन डोक्यावरून मागे-पुढे खेळवून फेकतात आणि फ्लाय तिच्यामागे जाते. रॉडचा नंबर त्या लाइनच्या वजनावरून.

कॉर्पसकर, बादली केली. गॅरेजमधल्या बादलीत साधारण एक फूट पाणी. मध्यम डंबेलवाला क्लाउझर सव्वा सेकंद. लहान क्लाउझर दोन. स्पून फ्लाय दोनच्या थोडी खाली. पेटीच्या कोपऱ्यात उन्हाळ्यातली एक पिसांची, डोळे नसलेली होती, ती मोजताना सात म्हटलं तरी तळाला पोचली नव्हती.

कॉर्पसकर | १२ जानेवारी, रात्री ९:१५

ती सातवाली बाजूला काढून ठेवा.

आता जरा मांडून सांगतो. मासा थंड रक्ताचा. पाणी थंड झालं की त्याचं सगळं शरीर मंद होतं: पचन मंद, हालचाल मंद, भूक कमी. जुलैत रेडफिश फ्लायमागे दहा फूट धावतो, कारण खर्चलेली ताकद लगेच भरून निघते. जानेवारीत ५२ अंशांत तो दोन फूट सरकेल, तेही शांतपणे. म्हणजे फ्लाय त्याच्या तोंडासमोर, त्याच्या उंचीवर, जास्तीत जास्त वेळ राहिली पाहिजे. गुडघाभर पाण्यात सव्वा सेकंदात तळाला जाणारी फ्लाय तिथे राहते किती? एकतर गवतात रुतते, नाहीतर रुतू नये म्हणून तुम्ही ती भराभर ओढता. दोन्हीकडून घास हुकतो.

दुसरं, आवाज. थंड, स्वच्छ, निवांत पाण्यात शिशाचे डोळे 'टप्' करून पडतात. पहिले चार मासे त्या आवाजाने गेले असणार, रंगाचा तिथे संबंधच आला नाही.

क्लाउझर वाईट आहे असं मुळीच नाही. बॉब क्लाउझर पेन्सिल्व्हेनियातल्या सस्केहाना नदीवर स्मॉलमाउथ बास पकडायचे, त्यांच्यासाठी त्यांनी तो बांधला. 'डीप मिनो' हे नाव नामवंत फ्लाय-मच्छीमार लेफ्टी क्रे यांनी दिलं. नावातच 'खोल' आहे. खोल जायला केलेली वस्तू तुम्ही गुडघाभर पाण्यात टाकताय. तीच वस्तू पाच-सहा फुटी चरात टाका, मग बघा.

हा चर हिवाळ्यात फार महत्त्वाचा. आपल्याकडे कोकणात दोन-तीन मीटर भरती-ओहोटी होते. इथे जेमतेम फूट-दीड फूट. इथलं पाणी चंद्रापेक्षा वारा हलवतो. उत्तरेकडून थंडीची लाट आली की वारा खाडीतलं पाणी अक्षरशः समुद्राकडे ढकलतो, उथळ भाग उघडे पडतात आणि मासे चरांत, बोटींच्या वाटांत उतरतात. मग वारा पडतो, दोन दिवस ऊन येतं, काळा चिखल तापतो आणि दुपारी मासे त्या चिखलावर ऊन खायला परत वर येतात. तुम्हाला ओंडक्यासारखे पडलेले दिसले ते हेच.

म्हणून हिवाळ्यात माझ्याकडे तीन वजनं असतात. रंग त्यानंतर.

उथळासाठी, म्हणजे मांडीच्या खाली: सीड्यूसर. फ्लोरिडातली जुनी फ्लाय. शेपटीला कोंबड्याची चार ते सहा लांब पिसं, पाठीला पाठ लावून, टोकं बाहेर वळलेली. आणि गळाच्या सगळ्या दांड्यावर पीस गोल गोल गुंडाळलेलं. वजन शून्य. पिसांची ती सगळी टोकं तिला पाण्यात धरून ठेवतात. तुम्ही ओढायचं थांबलात तरी ती लोंबकळत राहते आणि पिसं श्वास घेतल्यासारखी हलतात. तुमची सातवाली तीच असणार.

मधल्या पाण्यासाठी मण्यांच्या साखळीचे डोळे. बेसिनच्या बुचाला असते तीच साखळी, दोन मणी कापून बांधायचे. मागे क्राफ्ट फर (कृत्रिम केस) किंवा मॅराबू (मऊ पीस). दोन-तीन सेकंदांत फूटभर.

चरासाठी क्लाउझर, डंबेलसकट, आणि तिथेही लाइन ताणलेली ठेवून तळाशी इंच इंच.

आणि गवत अडवायला गळापुढे नायलॉनचा फासा बांधा. हिवाळ्यात जुन्या पात्या सुटून पाण्यात तरंगतात, दर दुसऱ्या फेकीला फ्लायला झिपरी लागते.

पाऊसवेडी | १३ जानेवारी, रात्री ११:४०

सिएटलहून. कॉर्पसकरांचं बरंचसं पटलं, एक गोष्ट पटली नाही.

मी प्यूजेट साउंडच्या गोट्यांच्या किनाऱ्यांवर सी-रन कटथ्रोटसाठी जाते. हे खरे ट्राउट. नदीत जन्मतात आणि किनाऱ्यालगतच्या खाऱ्या पाण्यात वाढतात. इथे भरती-ओहोटीत बारा-बारा फूट फरक पडतो, पाणी जानेवारीत ४६-४८ फॅरनहाइट, वरून पाऊस. ६ नंबरचा रॉड, हळू बुडणारी इंटरमीडिएट लाइन.

तुम्ही म्हणता फ्लाय हळू करा. बरोबर. पण फ्लाय हळू झाली की माशाला ती निरखायला वेळही जास्त मिळतो. उन्हाळ्यात तो झडप घालतो, तेव्हा रंग-आकार थोडा चुकला तरी खपतो. हिवाळ्यात स्वच्छ पाण्यात एखाद्या स्थिर गोष्टीकडे तो चार सेकंद बघणार असेल, तर आकार बरोबर हवा, आणि रंगसुद्धा.

आमच्याकडे हे स्पष्ट दिसतं. डिसेंबर-जानेवारीत मासे गोट्यांमधले ॲम्फिपॉड (कोळंबीसारखे बारीक जीव), लहान कोळंब्या, स्कल्पिन (तळाशी राहणारे छोटे मासे) असं मिळेल ते खातात. तेव्हा तपकिरी-ऑलिव्ह, अंगठ्याच्या पेराएवढी फ्लाय. मग फेब्रुवारी संपता संपता चम सॅल्मनची पिल्लं ओढ्यांतून समुद्रात यायला लागतात, दीड इंचाची, पाठ ऑलिव्ह, पोट चंदेरी, मोठे डोळे. त्या दिवसापासून आदल्या आठवड्यात चाललेली कोळंबी कोणी बघत नाही. मी ८ नंबरच्या गळावर दीड इंची बांधते, तीन इंची केली की मासे मागे येऊन वळतात. खारफुटींच्या स्पून फ्लायमागे आलेला मासा वळला, तो मला तसाच वाटला.

(एक नियमाचं: आमच्याकडे गळाची अणी, म्हणजे टोकामागचा उलटा काटा, चपटी करावीच लागते, आणि प्यूजेट साउंडच्या खाऱ्या पाण्यातला प्रत्येक कटथ्रोट सोडायचा असतो.)

कॉर्पसकर | १४ जानेवारी, सकाळी ६:२०

पाऊसवेडी, हे मी असं कधी मांडलं नव्हतं आणि ते खरं आहे. हळू फ्लाय म्हणजे लांब निरीक्षण. मान्य. तरी माझा क्रम तोच राहील, आधी वजन, मग आकार, मग रंग. चुकीच्या खोलीवरची हुबेहूब फ्लाय माशाला दिसतच नाही.

मग आमच्याकडे हिवाळ्यात खायला असतं काय, ते सांगतो, त्यावरून आकार ठरेल. मोठी पांढरी कोळंबी थंडीच्या पहिल्या लाटांबरोबर खाडी सोडून समुद्रात जाते. निळ्या कुर्ल्या चिखलात शिरतात. मागे राहतात त्या गवतातल्या काचेसारख्या बारीक कोळंब्या, कालवांच्या फटीतल्या अंगठ्याएवढ्या चिखली कुर्ल्या, काठाचे किलीफिश. आणि बोय. इथला स्ट्राइप्ड मलेट आणि कोकणातला बोय, शास्त्रीय नाव एकच. मोठे बोय थंडीत समुद्रात जाऊन अंडी घालतात आणि पुढे इंचभराची पिल्लं खाडीत येतात.

म्हणजे रेडफिशसाठी दोन ते अडीच इंच, तपकिरी, वाळूसारखी, ऑलिव्ह, फार तर पोटाखाली नारिंगीची एक रेघ. शार्ट्रूझ-पांढरा वसंतात गढूळ पाण्यासाठी ठेवा.

मोठागळ | १४ जानेवारी, दुपारी १:१०

मी इथे वेगळं सांगणार. हिवाळा म्हणजे मोठ्या फ्लायचा मोसम! बॅफिन बेमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत लोक मोठ्या स्पेकल्ड ट्राउटसाठी छातीभर पाण्यात तासन्‌तास उभे राहतात आणि टाकतात ते सहा इंची बोयाची नक्कल. कोळंबी गेली, बारीकसारीक खाणं कमी झालं, तर मोठा मासा एक मोठा घास घेऊन दोन दिवस पचवत बसतो. दोन इंचांच्या फ्लायसाठी तो हलणार नाही. मी स्वतः ३/० गळावर हरणाच्या केसांचं डोकं आणि लांब पिसं बांधतो. डोकं तरंगतं, लाइन बुडते, फ्लाय मधल्यामध्ये हेलकावते.

खारफुटी | १४ जानेवारी, संध्याकाळी ७:३०

आता माझा गोंधळ वाढला. दोन इंच की सहा?

कॉर्पसकर | १४ जानेवारी, रात्री ८:०५

मासा कोणता त्यावर. मोठागळ बोलतायत ते मोठ्या ट्राउटबद्दल, आणि त्या माशाबद्दल ते शंभर टक्के बरोबर आहेत. वय वाढलं की ट्राउट कोळंबी सोडून मासे खायला लागतो, त्याचं तोंड वर उघडतं आणि तो स्वतःच्या वरच्या बाजूला बघतो. रेडफिशचं तोंड खाली झुकलेलं. तो तळ हुंगतो. त्याच्या डोळ्यांच्या वरून गेलेली फ्लाय त्याच्यासाठी नसल्यातच जमा. आणि नीट पाहिलंत तर मोठागळांची ती सहा इंचीही अधांतरी थांबणारीच आहे. वजनाबद्दल आम्ही दोघे एकच बोलतोय.

खडपावरचा | १५ जानेवारी, पहाटे ५:५०

देवगडहून राम राम. दापोलीकर, 'गरवायला' हा शब्द इतक्या लांबून वाचून बरं वाटलं. आमच्याकडे 'गरवूक जातंव' म्हणतात.

माझा अनुभव उलट ऋतूचा आहे, तरी लिहितो. इथे हिवाळा हाच आमचा मोसम. पावसाळ्यात नद्यांचा गाळ खाडीत असतो, डिसेंबरपर्यंत पाणी निवळतं. थंडी माशाला लागत नाही, पाणी कोमटच असतं. सकाळी मतलई वारा पाठीवर असतो तेव्हा खडपावरून फेक लांब जाते. अकरानंतर खारा वारा तोंडावर आला की फ्लाय रॉड गुंडाळायचा.

पण वजनाचं इथेही तसंच आहे. भांगाच्या दिवसांत पाणी संथ, तेव्हा हलकी फ्लाय. उधाणात ओहोटीचं पाणी खाडीच्या तोंडातून नदीसारखं पळतं, तेव्हा डंबेलशिवाय फ्लाय जिताड्यापर्यंत पोचतच नाही. मी सगळं गावठी कोंबड्याच्या मानेच्या पिसांवर बांधतो. आमचा एक शेजारी कोंबडा कापला की पिसं कागदात बांधून आणून देतो. तांबडी-काळी, टोकाला चमक. सीड्यूसरला ही पिसं उत्तम लागतील असं वाचता वाचता वाटलं.

एक विचारायचं होतं. आमच्या परड्यात मोर येतात, गळलेली पिसं पडलेली असतात. फ्लायला मोरपिसं वापरतात ना? कुणाला हवी असल्यास पाठवू का?

पाऊसवेडी | १५ जानेवारी, सकाळी ८:३०

खडपावरचे दादा, मनापासून आभार, पण पाठवू नका. मोरपीस फ्लायला खूप वापरतात, मी बेटफिशच्या (लहान माशाच्या नकलेच्या) पाठीसाठी दोन-तीन धागे घालते. मात्र गळलेली असली तरी मोरपिसं भारतातून बाहेर पाठवायला बंदी आहे. तुमच्या स्वतःच्या फ्लायला वापरा आणि फोटो टाका.

सुरमई_प्रेमी | १६ जानेवारी, रात्री ९:००

सगळं वाचलं. एक प्रामाणिक प्रश्न, राग मानू नका. इतक्या थंडीत तीन तास गाडी चालवून जायचं, मासा पकडायचा आणि सोडायचा. आमच्या घरात मासा म्हणजे ताट. सोडायचाच तर त्या जिवाला त्रास कशाला?

कॉर्पसकर | १६ जानेवारी, रात्री १०:२५

राग कसला, विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. मी सगळे सोडत नाही. इथे रेडफिश २० ते २८ इंचांचा, दिवसाला तीन ठेवता येतात, आणि वर्षातून चार-पाच वेळा माझ्या घरी त्याचं कोकम घातलेलं कालवण होतं. ट्राउटचे आकडे २०२४ मध्ये बदलले, दिवसाला तीन, १५ ते २० इंच. जाण्याआधी दरवेळी चालू नियम बघा.

हिवाळ्यात मात्र मी जवळपास सगळे सोडतो, आणि त्याचं कारण फेब्रुवारी २०२१. त्या थंडीच्या लाटेत टेक्सासच्या किनाऱ्यावर किमान ३८ लाख मासे मेले, हा राज्याच्या मत्स्यविभागाचा अंदाज आहे. मी चौथ्या दिवशी लगुना माद्रेच्या काठावर गेलो होतो. काठ पांढरा दिसत होता. ट्राउट, बोय, पिनफिश, ओळीने. तुमची ती तिवरंही, खारफुटी, पोर्ट अरान्ससच्या बाजूला मैलोन्‌मैल करपून तपकिरी पडली होती. लाट येते तेव्हा मासे खोल चरांत दाटीने गोळा होतात आणि तिथे लहान मूलही पोतंभर मासे काढू शकेल. म्हणून तशा वेळी राज्य त्या खोल जागा मासेमारीला बंद करू शकतं. बंद केल्या नाहीत तरी मी जात नाही. पाणी ४५ फॅरनहाइटच्या खाली असेल तर ट्राउट आधीच जगण्या-मरण्याच्या रेषेवर असतो.

इथे रेडफिश आज आहे तोही आपोआप नाही. जाळ्यांनी तो इतका कमी झाला होता की १९८१ मध्ये टेक्सासने रानटी रेडफिश आणि ट्राउटची विक्रीच बंद केली. तेव्हापासून तो हळूहळू परत आला.

त्रासाचं म्हणाल तर तो होतो, आणि तो कमी करणं आपल्या हातात असतं. अणी चपटी करा, मासा पाण्यातच धरून गळ काढा, हात ओले ठेवा. हवा गोठणबिंदूजवळ असेल तर मासा वर उचलून फोटो काढूच नका, कल्ल्यांना ती हवा सोसत नाही.

सुरमई_प्रेमी | १७ जानेवारी, सकाळी ७:१५

उत्तर मिळालं. ३८ लाख वाचून काही सुचेना. कालवणाची कृती मात्र टाका.

खारफुटी | १८ जानेवारी, रात्री ११:००

आज सहा फ्लाय बांधल्या. चार सीड्यूसर, तपकिरी आणि चट्टेरी पिसांच्या, १ नंबरच्या गळावर. दोन मण्यांच्या साखळीच्या, वाळूरंगी. बादलीत सीड्यूसर एक फुटाला सात-आठ सेकंद. एकीवर मी पीस फार दाट गुंडाळलं होतं, ती बुडेचना, पिसांत हवा अडकत होती. उलगडून परत बांधली.

आणखी एक शंका. तिन्ही वेळा माझी लाइन स्प्रिंगसारखी वेटोळी होऊन पडत होती. फ्लाय कितीही हळू ओढायची म्हटलं तरी ती वेटोळी सरळ होण्यातच पहिले दोन फूट जातात. मी फेकण्यात चुकतोय का?

मोठागळ | १८ जानेवारी, रात्री ११:२०

लाइनच्या खोक्यावर 'ट्रॉपिकल' लिहिलंय का बघा.

खारफुटी | १८ जानेवारी, रात्री ११:२६

हो, लिहिलंय.

मोठागळ | १८ जानेवारी, रात्री ११:३८

मग फेक बरोबर आहे. त्या लाइनचा गाभा उन्हात लुळा पडू नये म्हणून मुद्दाम ताठ केलेला असतो. थंडीत त्याची तार होते. हिवाळ्यासाठी थंड पाण्याची, मऊ गाभ्याची तरंगती लाइन घ्या. नवी घ्यायची नसेल तर पाण्यात उतरण्याआधी ती सगळी बाहेर काढून हातभर हातभर ताणा. तासाभराने परत ताणावी लागेल. आणि फ्लाय घट्ट गाठीने बांधू नका, मोकळा फासा ठेवा, म्हणजे ती लीडरला न जुमानता हलेल. हळू ओढताना हा फरक फार जाणवतो.

खारफुटी | ९ फेब्रुवारी, रात्री ९:४५

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण इथल्या प्रत्येकाचं यात काहीतरी आहे.

मंगळवारी उत्तरेचा वारा सुटला, बुधवारी जोरात होता. पूर्वी मी वारा पडला की दुसऱ्याच सकाळी सहाला पाण्यात असायचो. यावेळी शनिवारपर्यंत थांबलो आणि पाण्यात उतरलो ते सकाळी साडेअकराला. आधी काठावर बसून लाइन ताणली. पलीकडे दलदलीत दोन हूपिंग क्रेन (दुर्मीळ पांढरे क्रौंच) चरत होते, माझ्या खांद्याला लागतील एवढे उंच. १९४१ साली इथे हिवाळ्याला येणाऱ्या त्यांच्या थव्यात पंधरा-सोळाच पक्षी उरले होते. आज पाचशेच्या वर येतात. त्यांच्याकडे बघत अर्धा तास कसा गेला कळलं नाही.

साडेबाराला पाणी ५७ फॅरनहाइट. पाणी अजून खालीच होतं, उथळावर मासे नव्हते. कॉर्पसकर म्हणाले तसा चराच्या कडेने चालत गेलो. गवत संपून काळा चिखल सुरू होतो तिथे तिघे पडलेले. पहिल्यावर सीड्यूसर टाकली, चार फूट पुढे. पडल्याचा आवाज आलाच नाही! ती उतरत उतरत त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आली. तो बघत राहिला. मी एकदा हलकं ओढलं आणि तो वळून गेला. तिथे माझा हात घाईचा झाला होता.

दुसऱ्याला तीच फ्लाय. यावेळी ओढलं नाही. मनात मोजत राहिलो. चार म्हटलं आणि मासा वीतभर पुढे सरकला. झडप नाही, पाणी हललं नाही, फक्त गालाच्या जागी पांढरं काहीतरी उघडून मिटल्यासारखं झालं आणि लाइन किंचित बाजूला सरकली. हाताला काहीही जाणवलं नाही. पूर्वी मी धक्क्याची वाट बघायचो, म्हणजे याआधीही किती वेळा त्यांनी फ्लाय तोंडात घेऊन थुंकली असेल कोण जाणे. रॉड न उचलता डाव्या हाताने लाइन सरळ ओढली. लागला.

२३ इंच. एका बाजूला एक ठिपका, दुसऱ्या बाजूला दोन. पाण्यातच गळ काढला, डोकं उत्तरेकडे करून धरला, दोनदा शेपटी हलवली आणि चरात उतरला. तिसरा मासा तोवर निघून गेला होता. तीनच्या सुमारास आणखी एक मिळाला, चराच्या मधोमध, वाळूरंगी मणीवाल्या फ्लायवर, अठरा इंचांचा. सीड्यूसर तिथपर्यंत बुडतच नव्हती.

पाऊसवेडी, रंगाचं तुमचं म्हणणं तपासायला चट्टेरी आणि साधी तपकिरी अशा दोन्ही वापरल्या. दोन माशांवरून काही म्हणणं बरोबर नाही. अजून जाईन तेव्हा नोंद ठेवतो.

कॉर्पसकर | ९ फेब्रुवारी, रात्री १०:१०

वाचून उठून उभा राहिलो. एक सांगा, गळ तोंडात कुठे लागला होता?

खारफुटी | ९ फेब्रुवारी, रात्री १०:१४

तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात, दोन्ही वेळा.

कॉर्पसकर | ९ फेब्रुवारी, रात्री १०:२०

म्हणजे त्याने घेऊन वळण्याचा वेळ तुम्ही त्याला दिलात. छान. २२ तारखेच्या शनिवारी मी अरान्सस पासजवळच्या लाइटहाउस लेक्सला उतरणार आहे, लाट आली नाही तर. येताना त्या चट्टेरी सीड्यूसर दोन जास्त आणा, माझी पिसं संपलीत.

खडपावरचा | १० फेब्रुवारी, पहाटे ५:३०

कोंबड्याची पिसं तरी पाठवता येतात का ते पोस्टात विचारून ठेवतो.